ग्लोबल वॉर्मिंगवरून काकांशी अबोला

पत्र जरा लांब होतं, मी कापून देतेय:

"ताई, मी २८ वर्षांचा, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत इंजिनिअर आहे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ती काका बघतात. वडील गेल्यावर माझं शिक्षण काकांनीच केलं. गणपतीत सगळे घरी जमलो होतो, सकाळी मिसळ खाताखाता हवामानाचा विषय निघाला आणि काका म्हणाले हे सगळं निसर्गाचं चक्र आहे, माणसाची काय ऐपत हवामान बदलायची, ६९ चा महापूर आणि ७२ चा दुष्काळ काय गाड्यांच्या धुराने आला होता का. हवेत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) किती तर ०.०४ टक्के, एवढ्याशाने काय होतंय. नाशिक तापलं ते झाडं तोडून सिमेंट ओतलं म्हणून. मी सांगितलं की माणसामुळे पृथ्वी तापतेय हे ९७ टक्के हवामान शास्त्रज्ञ मान्य करतात, आपल्याकडची गारपीट पण त्यामुळेच होते आणि २०३० नंतर सगळं संपलंय. वाद वाढला. रात्री मी फॅमिली ग्रुपवर टाकलं की अडाणी माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. काका ग्रुप सोडून गेले, तेव्हापासून बोलत नाहीत. आता छाटणी आलीये, दरवर्षी मी सुट्टी टाकून जातो. मला असे पॉईंट द्या की काका एका झटक्यात गप्प होतील."

अरे बाबा, काका तर आधीच गप्प झालेत की. तेच तर तुझं दुखणं आहे ना.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझी बाजू बरोबर वाटली आणि दुसऱ्यांदा वाचताना काकांची कीव आली, कारण माणूस बरोबर असून किती वाईट पद्धतीने बरोबर असू शकतो याचा तू नमुना आहेस. (रागावू नकोस, मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, असे नमुने दरवर्षी पहिल्या बाकावर बसायचे आणि माझे लाडके असायचे.)

मुद्द्याचं आधी सांगून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पृथ्वी तापतेय का, तर हो. माणसामुळे का, तर हो. यात आता ५०-५० असं काही राहिलेलं नाही. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २०२१ च्या अहवालात १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ या दशकापर्यंत माणसामुळे झालेली वाढ साधारण १.०७ अंश धरलीये, म्हणजे जेवढी वाढ मोजली गेली जवळपास तेवढी सगळीच. आणि २०२४ हे एकटं वर्ष धरलं तर दीड अंशाच्या वर गेलं, त्यात थोडा हात एल निनोचाही (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं तो) होता. इथपर्यंत तू बरोबर.

पण तू काकांना जे सांगितलंस त्यातलं निम्मं मला शिक्षिका म्हणून लाल पेनाने खोडावं लागेल.

गारपीट बघ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली ती मी पण विसरलेली नाही, माझ्या बहिणीची बाग झोपली होती त्यात. पण एखादी गारपीट "ग्लोबल वॉर्मिंगमुळे झाली" असं ठोकून द्यायला पुरावा लागतो आणि गारांच्या जुन्या नोंदी इतक्या तुटपुंज्या आहेत की शास्त्रज्ञसुद्धा तिथे जपून बोलतात. तू छातीठोक बोललास. काकांनी आयुष्यभर गारा बघितल्यात, त्यांना तिथेच कळलं की हा पोरगा वाढवून सांगतोय, आणि मग बाकीचं खरं होतं ते पण खोट्यात गेलं. पावसाचं बोलला असतास तर ठीक होतं. एक अंश तापलेली हवा साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलंय की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हे मोजलेलं आहे, हे बोलायचं.

आणि २०३० नंतर जग संपणार हे तुला कोणी सांगितलं? कोणत्याच अहवालात असं नाहीये. २०३० चा आकडा आला तो असा की तापमानवाढ दीड अंशावर रोखायची असेल तर २०३० पर्यंत उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आणावं लागेल, त्याचं फॉरवर्ड होता होता प्रलय झाला. प्रत्येक थोड्या वाढीने त्रास थोडा वाढतो, एका तारखेला शटर पडत नाही.

९७ टक्क्यांचं पण तसंच. आकडा खोटा नाहीये, पण बहुमताने शेतकरी गप्प बसत नाही रे. औषध दुकानदार, कंपनीचा माणूस, कृषी अधिकारी, सगळे एकमताने एक फवारणी सांगतात आणि नंतर बागेत भुरी (बुरशीचा रोग) येते ती काकांच्याच. "सगळे तज्ज्ञ म्हणतात" हे वाक्य त्यांनी आधी ऐकलंय आणि त्याचं बिल पण भरलंय.

आता काकांचे मुद्दे घेऊ, कारण काका काही येड्यासारखं बोललेले नाहीत. मला तर ०.०४ टक्केवाला प्रश्न फार आवडला. सगळ्यात चांगलं उत्तर तुमच्याच बागेत आहे आणि तू इंजिनिअर असून तुला सुचलं नाही याचं मला आश्चर्य वाटतंय.

०.०४ टक्के म्हणजे किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग)? ४०० च्या वर. आता काकांना विचार (नीट विचार, परीक्षा घेतल्यासारखं नाही) की मणी फुगवायला जीएचं (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं औषध) डिपिंग, म्हणजे घड त्यात बुडवणं, किती पीपीएमने करता? ४० म्हणतील. त्याआधी घड लांबवायला १०-१५. चाळीसचं चुकून ऐंशी झालं तर चालेल का? आणि दुसरं, २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली होती ना, क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे, तेव्हा मर्यादा किती होती? किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे ०.०५ पीपीएम. त्या "एवढ्याशाने" त्या वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी निर्यातदार बागायतदारांची झोप उडवली होती. जो माणूस पीपीएमवर जगतो त्याला ४२० पीपीएम म्हणजे काहीच नाही असं वाटणं शक्यच नाही, फक्त टक्क्यात सांगितलं म्हणून ते बारीक वाटलं.

अर्थात ही उपमा झाली, पुरावा नाही (आणि हवेतलं पीपीएम आकारमानाचं असतं, द्रावणातलं वजनाचं, कोणी मला कमेंटमध्ये धरायला नको). पुरावा असा की हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि जमिनीतून वर निघणारी उष्णता हे दोघं अडवतच नाहीत, सरळ जाऊ देतात. अडवण्याचं काम करते ती पाण्याची वाफ, सीओटू, मिथेन अशी चिल्लर मंडळी. जॉन टिंडालने १८५९ साली लंडनमध्ये नळीत वायू भरून हे मोजून दाखवलं, तेव्हा ना मोटारगाड्या होत्या ना कुठलं पर्यावरण खातं, त्यामुळे त्यात कोणाचं राजकारण असायचं कारण नाही. ही चिल्लर नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ च्या ऐवजी उणे १८ असतं. निफाडला पारा घसरला की तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता, इथे तर सगळी पृथ्वीच शेकोटीला बसली असती.

बरं मग सीओटू वाढला कोणामुळे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासलेत, कारखाने यायच्या आधीच्या आठ लाख वर्षांत तो साधारण ३०० पीपीएमच्या वर कधी गेला नव्हता. कारखाने सुरू होताना २८० होता. १९५८ साली चार्ल्स कीलिंगने हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर रोज मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या पुढे. काका म्हणतील ज्वालामुखीतून येत असेल. येतो, पण माणूस वर्षाला जेवढा सोडतो (कोळसा, तेल, गॅस मिळून सुमारे ३७ अब्ज टन) त्याच्या एक टक्कासुद्धा नाही. शिवाय कोळशातल्या कार्बनची खूण वेगळी असते, तो करोडो वर्षं जमिनीखाली पडून असल्याने त्यात कार्बन-१४ (काळानुसार विरत जाणारा किरणोत्सारी कार्बन) उरलेलाच नसतो, आणि हवेतल्या कार्बनमध्ये ही जुनी भेसळ वाढताना दिसते. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर सांगतो तसंच. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी तुम्ही येता-जाता बघताच, तिथे जळणाऱ्या कोळशातल्या एक किलो कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जाऊन साडेतीन किलोच्या वर सीओटू होतो. मुलांना हे सांगितलं की कोणी विश्वास ठेवायचं नाही, धूर कोळशापेक्षा जड कसा असेल म्हणायचे.

सूर्याचं काय, हे काकांनी विचारलं नाही पण विचारतील. सूर्य उपग्रहांवरून १९७८ पासून मोजतायत, त्याचं ११ वर्षांचं कमी-जास्त चालू असतं पण एकूण वाढ काही नाही, आणि तापमान मात्र याच काळात चढलं. अजून एक भारी गोष्ट आहे जी मला स्वतःला सगळ्यात पटते. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळंच तापलं असतं ना? पण मोजलं तर खालची हवा तापतेय आणि वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, गार होत चाललाय. गोधडी घेऊन झोपलं की आत ऊब आणि गोधडीवरून हात फिरवला तर गार लागतं, तसं. म्हणजे शेगडी मोठी झालेली नाही, गोधडी जाड झालीये. काकांना ही गोधडी सांग, बाकी काही नाही सांगितलंस तरी चालेल.

निसर्गाचं चक्र असतं हे काकांचं खरंच आहे. हिमयुगं आली-गेली. पण शेवटचं हिमयुग संपताना पृथ्वी पाचेक अंशांनी तापली आणि त्याला दहा हजार वर्षं लागली. आता एक अंशाच्या वर वाढ दीडशे वर्षांत, त्यातली बरीचशी तर काकांच्या डोळ्यादेखत, १९७० नंतर. बागेतली वेल दरवर्षी पानं गाळते म्हणून भर ऑगस्टमध्ये पानं गळायला लागली तर काका "चक्र आहे" म्हणून घरी बसतील का, मुळाशी काय झालं बघायला जातील?

६९ चा महापूर आणि ७२ चा दुष्काळ. हे दोन्ही कोणी ग्लोबल वॉर्मिंगच्या नावावर लावत नाहीये, काकांना हे मोकळेपणाने देऊन टाक. आणि आपल्याकडे पूर म्हटला की सगळे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात, कमरेला लागलं, छातीला लागलं, ६९ ला असं होतं, २००८ ला तसं होतं, २०१९ ला तसं. पण गंगापूर धरणातून कधी किती सोडलं, नदीच्या काठावर काय काय बांधून ठेवलंय, सगळंच त्या पाण्यात असतं. मारुती पुराची पट्टी आहे, तो थर्मामीटर नाही. वॉर्मिंग एका पुरात शोधायचं नसतं, पन्नास वर्षांच्या नोंदींत शोधायचं असतं, आणि हा नियम तुलाही लागू आहे, गारा आठवतायत ना.

राहिलं सिमेंट. इथे काका निम्म्याहून जास्त बरोबर आहेत आणि तू तेही मान्य केलं नाहीस. माझ्या लहानपणी पंचवटीत आमच्या वाड्यात पंखाच नव्हता, लोक नाशकाला थंड हवेसाठी यायचे, आणि आज इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मला एप्रिलमध्ये रात्री अकराला भिंती गरम लागतात. त्यात झाडं गेल्याचा, डांबराचा, काचेच्या बिल्डिंगांचा, शेजारच्या सहा एसींचा मोठा वाटा आहे. (आणि माझ्या वयाचा पण असेल, आठवणीतलं बालपण नेहमी दोन अंश गार असतं.) पण समुद्र पण तापलेत ना, जास्तीच्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रातच गेलीये, आणि तिथे काही कॉलेज रोड नाही झालेला. हाच संशय अमेरिकेतल्या बर्कलीच्या रिचर्ड मुलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञालाही होता. त्याने स्वतंत्र टीम जमवून जगभरच्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या, पैसे देणाऱ्यांत तेलाच्या धंद्यावर मोठ्या झालेल्या कोक या उद्योगपती कुटुंबातल्या एकाचं फाउंडेशन पण होतं, आणि २०१२ मध्ये त्याने जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे, शहरांमुळे ती फुगलेली नाही आणि कारण जवळपास पूर्णपणे माणूस आहे. काकांना ही गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण यात शंका घेणाऱ्याला कोणी अडाणी म्हटलं नव्हतं, मोजून बघ म्हटलं होतं.

आता एक गंमत सांगते जी काकांच्या बाजूची आहे. भारत जगाच्या मानाने कमी तापलाय, १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंश. कारणांमध्ये आपल्याकडची धूळ आणि धूर आहे जो ऊन अडवतो, आणि सिंचन आहे, ओल्या शेतातून पाणी उडतं त्याने हवा गार राहते. म्हणजे काकांच्या ठिबकने सुद्धा खारीचा का होईना वाटा उचललाय. धुराची सावली मात्र आपल्या फुफ्फुसांच्या पैशाने आहे, त्यावर खूश होण्यासारखं काही नाही.

इथवर मी तुला पॉईंट दिले. पण मला वाटतं काका या पॉईंटांवर अडलेलेच नाहीत. तुझ्या पत्रातलं एक वाक्य परत वाच, "माणसाची काय ऐपत". हा माणूस चाळीस वर्षं आभाळाकडे बघून जगलाय, एका रात्रीच्या अवकाळीने मणी तडकतात आणि वर्षाचा हिशोब मातीत जातो हे त्याने भोगलंय. त्याला तू जेवताना सांगितलंस की हे माणसाने केलंय. त्याने "माणूस" ऐकलं तेव्हा ताटासमोर बसलेला माणूस कोण होता? तोच. त्याला ऐकू आलं की तुझ्या ट्रॅक्टरने, तुझ्या पंपाने, तुझ्या दोन गायींनी हे केलंय आणि आता नुकसान झालं तर रडू नकोस.

"मानवनिर्मित" हा शब्दच जरा लबाड आहे रे, सगळ्यांना एका रांगेत उभं करतो. कोळसा-तेल-गॅस जाळून आजवर जेवढा सीओटू हवेत गेला त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, युरोपचा पण तसाच मोठा, आणि भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास. आजही आपल्या माणशी वर्षाला दोन टन पडतो, अमेरिकेत चौदाच्या वर. त्यातही निफाडचा द्राक्षवाला आणि रोज एसी गाडीतून अंबडला जाणारा त्याचा पुतण्या यांच्यात जास्त कोण जाळतो ते तू घरी हिशोब करून बघ, मी इथे लिहीत नाही.

म्हणजे दोन वेगळे प्रश्न होते आणि तुम्ही ते एकाच ताटात कालवले. कशामुळे तापलं, हा मोजण्याचा प्रश्न, त्याचं उत्तर आलंय. कोणी किती केलं, कोणी भरायचं, कोळसा कधी बंद करायचा, तोवर वीज कुठून आणायची, बागेला प्लास्टिक कव्हर टाकायचं तर त्याचे लाखो रुपये शेतकऱ्यानेच का घालायचे, हा भांडण्याचा प्रश्न, आणि इथे काकांना तुझ्याहून जास्त कळतं. पहिल्यावर तू त्यांना शिकव, दुसऱ्यावर त्यांच्याकडून शीक. मला तर वाटतं दुसऱ्यावर तुम्ही दोघं एकाच बाजूला निघाल.

पण त्याआधी तो शब्द. अडाणी. ज्याने तुझ्या कॉलेजची फी द्राक्षं विकून भरली त्याला तू ग्रुपवर, म्हणजे तुझ्या आत्या, मावसभाऊ, त्यांच्या सुना सगळ्यांसमोर अडाणी म्हणालास. माफी फोनवर मागू नकोस आणि ग्रुपवर तर अजिबात टाकू नकोस, त्यांनी ग्रुप सोडलाय, त्यांना दिसणारच नाही, तू बाकीच्यांसमोर चांगला दिसशील फक्त. घरी जा. "काका, मी तो शब्द वापरायला नको होता, चुकलो." एवढंच. पुढे "पण तुम्ही पण" आलं की सगळं वाया. आणि त्या दिवशी हवामानाचं एक अक्षर काढायचं नाही, त्यांनी काढलं तरी "हो, बघू" म्हणायचं. काकू चहा ठेवेल, काका कदाचित दहा मिनिटं गोठ्याकडे जाऊन येतील. जाऊ दे.

मग छाटणीच्या दिवसांत कधीतरी त्यांची जुनी वही माग. निर्यातीची बाग आहे म्हणजे फवारणीच्या नोंदी असणारच, आणि अशी माणसं समासात पाऊस, थंडी, धुकं पण लिहून ठेवतात. ती वही तू एक्सेलमध्ये भर. ग्लोबल वॉर्मिंग सिद्ध करायला नाही हां, एका बागेच्या नोंदीतून ते होणार पण नाही. छाटणीच्या तारखा किती सरकल्या, डाऊनीच्या (केवडा रोग) फवारण्या किती वाढल्या, अवकाळी कुठल्या महिन्यात आला, हे त्यांना एका पानावर दिसेल. तो डेटा त्यांचा आहे, त्यावर ते तुझ्याशी तासभर बोलतील बघ, आणि तू मध्ये बोलू नकोस.

सुट्टीचा अर्ज आजच टाक, छाटणीला मजूर मिळत नाहीत म्हणून आमच्याकडेही सगळे रडतायत. आणि छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना फूट येण्यासाठीची पेस्ट लावताना हातमोजे घाल, गेल्या वर्षी माझ्या भाच्याने शहाणपणा करून नुसत्या हाताने लावली आणि आठवडाभर हाताची सालं काढत बसला होता.

— ताई